पालथ्या थाळीवरची नानखटाई

आबांनी निकाल देऊन टाकला होता. सकाळच्या गाडीनं ते बोदवडला जाणार, दुपारच्या गाडीनं परत येणार, येतायेता नथ्थू पत्रेवाल्याला सोबत घेणार. आणि तोवर त्या पेटीतून माणसानं तोंडात घालावं असं काही निघालं नाही, तर नथ्थूनं तिथल्या तिथं कात्री चालवून पेटीचा पत्रा गोठ्याच्या छपराला ठोकायचा.

"पत्रा झकास शे," निघताना पेटीवर टिचकी मारत आबा म्हणाले. "गोठाले असाच पाहिजे व्हता."

आबांची सगळी हयात शिंदखेड्याकडे गेलेली. मुलाबरोबर जळगावात येऊन राहिले, तरी त्यांची बोली आणि त्यांचा गोठा दोन्ही सोबत आले होते. एकच म्हैस होती, पण तिच्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडला तर आबांची झोप उडत असे.

पेटी म्हणजे ओव्हन. आबांचे चिरंजीव लीलाधर, म्हणजे केसरचे वडील दादा, भुसावळला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या साहेबाची बदली झाली, आणि जाताना तो ओव्हन त्यांना देऊन गेला. दादांनी तो घरी पोचवला, कसा पेटवायचा ते तोंडी सांगितलं आणि भुसावळला कामावर निघून गेले. पत्र्याचा चौकोनी पेटारा. खाली उंच पाय, म्हणजे त्यात शेगडी सरकवता यावी. वरच्या पत्र्याला चारी बाजूंनी दुमडलेला काठ, म्हणजे तिथं निखारे ठेवता यावेत. पुढे कडी असलेलं दार.

तो आला त्या दिवशी केसरनं दार उघडून आत चक्क डोकं घातलं होतं. आत काहीच नव्हतं. नुसता अंधार! पण काय अंधार होता तो! या अंधारात पिठाचे गोळे जातात आणि खुसखुशीत बिस्किटं होऊन बाहेर येतात, मध्ये काय होतं ते कुणालाच दिसत नाही, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला होता. चुलीवरची भाकरी कशी, आपल्या डोळ्यांदेखत भाकरी होते. हे म्हणजे दाराआडचं काहीतरी होतं.

केसर इंग्रजी चौथीत होती. शाळेच्या वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून जगातली कुठलीही गोष्ट आपण कुणालाही समजावून सांगू शकतो, अशी तिची खात्री होऊन बसली होती. अडचण एवढीच, की ऐकायला कुणी थांबत नसे.

आबांची पाठ वळल्यावर आईनं, म्हणजे मंजुळाबाईंनी, केसरला माजघरात ओढलं.

"केसर, ही पेटी जाता कामा नये."

"का गं?"

"जाता कामा नये," आई पुन्हा म्हणाली.

बस्स, एवढंच. पण केसर चाट पडली. दिवाळीला लुगडं कुठलं हवं विचारलं तर "आणाल ते" म्हणणारी तिची आई! जेवणात स्वतःला काय आवडतं हेदेखील तिनं कधी सांगितलं नव्हतं. आणि आज डोळे वटारून म्हणत होती, जाता कामा नये. केसरनं तिथल्या तिथं पदर खोचला. तिचा पदर नव्हताच, परकर होता; तो खोचला.

नानखटाई करायचं ठरलं. मैदा, थोडं बेसन, पिठीसाखर आणि घरच्या म्हशीचं तूप. तूप आईनं इतका वेळ फेसलं, की ते पांढरंशुभ्र होऊन ढगासारखं फुललं. पिठाचा भलामोठा गोळा तयार झाला. एवढ्यात शेजारच्या गुलाबबाई आल्या. त्यांचे यजमान फुलचंदजी यांचं कापडाचं दुकान होतं. त्या मूळच्या मारवाडातल्या, पण इतकी वर्षं इथं काढलेल्या की त्यांच्या मराठीला आता दोन्हीकडचा वास यायचा.

"मंजुळाबाई, म्हारी एक बात ऐका," त्या दारातूनच म्हणाल्या. "साहेबाच्या पेटीत अंडं शिजलं असणार. मी तर नुसती बघायला आली. खाणार नाय."

"त्याना बंदोबस्त मी कालच करेल शे," ओसरीवरून आवाज आला.

हा आवाज आक्कांचा. आक्का म्हणजे ताईबाई, आबांची थोरली बहीण. घरातलं सोवळंओवळं त्यांच्या ताब्यात होतं, आणि त्यांच्यापुढे आबांचंही चालत नसे. ओव्हनसोबत साहेबानं दोन लोखंडी जाळ्या आणि चार-दोन उथळ डबेही दिले होते. आक्कांनी ते सगळं चिमट्यानं उचलून परसात नेऊन टाकलं होतं.

"पेटीमा आग ऱ्हास, म्हणीसन पेटी शुद्ध," आक्कांनी गुलाबबाईंना शास्त्र सांगितलं. "पन त्या डब्बास्ले अंडं लागेल शे. ते मना घरमा नको."

गुलाबबाईंना हे इतकं पटलं, की त्या आत येऊन पाटावर बसल्या.

आता डबे नाहीत, मग नानखटाई ठेवायची कशात? आईनं पितळेची परात काढली. परात ओव्हनच्या दाराशी नेली तर ती जेमतेम आत गेली. दोन्ही बाजूंना घासून असा आवाज झाला, की म्हैस हंबरली.

"अगदी मापात बसली!" केसर आनंदानं ओरडली. "जणू हिच्यासाठीच केलीय!"

परात ओव्हनच्या तळावरच टेकली. खाली शेगडी फुलली, वर निखारे पसरले, दार बंद झालं. चौघीजणी समोर बसल्या. हळूहळू दाराच्या फटीतून वास येऊ लागला. काय वास होता तो! तूप, साखर आणि भाजलेलं बेसन यांनी एकमेकांचे हात धरून अंगणात फेर धरावा असा. केसरनं डोळेच मिटले. आणि ते मिटलेले असतानाच वास बदलला.

"जयी राह्यनं!" आक्का किंचाळल्या.

दार उघडलं. परात घट्ट बसलेली, निघता निघेना. शेवटी आईनं एका बाजूनं आणि केसरनं दुसऱ्या बाजूनं फडकी धरून ती उपसून काढली. वरून नानखटाया पांढऱ्याफटक, बोट लावलं तर खड्डा पडावा अशा. गुलाबबाईंनी एक उलटून पाहिली.

"अरे राम! वर पुनम आणि खाली आमावस!"

केसरनं लगेच विचार केला. विचार करायला तिला फार वेळ लागत नसे. खालची आग जास्त झाली, वरची कमी पडली. सोपंच तर आहे!

"खालची शेगडी ओढून घ्यायची आणि वर निखाऱ्यांचा ढीग घालायचा," तिनं जाहीर केलं.

परातीत दुसरा घाणा मांडला गेला. या वेळी कुणाचाच धीर निघेना. आईनं दार किलकिलं करून पाहिलं. मग गुलाबबाईंनी पाहिलं. मग आक्कांनी, "तुमले दिसत नही, मी देखस," म्हणत सताड उघडून पाहिलं. दर वेळी आतली ऊब भसकन बाहेर यायची, सगळ्यांच्या तोंडावर आपटायची आणि दार पुन्हा लागायचं. शेवटी घाणा बाहेर आला तेव्हा वरून कोळसा झालेला होता आणि खालून पीठ परातीला चिकटलेलं होतं.

 आक्कांनी पहिल्या घाण्यातली एक नानखटाई उचलली, दुसऱ्या घाण्यातली एक उचलली. पहिलीची जळकी आणि दुसरीची जळकी बाजू सुरीनं खरवडून टाकली, आणि उरलेल्या दोन्ही कच्च्या बाजू एकमेकींवर दाबून ठेवल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "दोन मियीसन एक तरी व्हयनी का नही?"

"पण ती तर दोन्हीकडून कच्ची झाली, आक्का!" केसर म्हणाली.

"मंग तुनी तर दोन्हीकडून जयेल व्हती!"

आई हसली नाही. ती पिठाच्या उरलेल्या गोळ्याकडे बघत होती. तो आता निम्म्याहून कमी राहिला होता. ते पाहून केसरचंही हसू विरलं. ती ओव्हनपुढे जाऊन मांडी घालून बसली आणि खरोखरचा विचार करू लागली, म्हणजे तोंड बंद ठेवून.

शाळेत शास्त्राच्या बाईंनी सांगितलं होतं, की तापलेली हवा वर जाते, गार हवा खाली येते, आणि अशी ती भांड्यात गोल गोल फिरत राहते. केसरनं दार उघडून रिकाम्या ओव्हनमध्ये हात धरला. गरम वारा तिच्या बोटांमधून वर सरकला. खरंच सरकला! कुणी फुंकर घालत नव्हतं, पंखा नव्हता, तरी त्या बंद पेटाऱ्यात वारा हिंडत होता! आणि मग तिला एकदम परात दिसली. परातीनं तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी वाटच अडवली होती. खालची हवा खाली कोंडली, वरची वर राहिली. पेटीचे दोन मजले झाले आणि मधला जिना काढून टाकला!

"आई! भांडं मापात बसायलाच नको!" ती ओरडली. "लहान हवं. चारी बाजूंनी बोटभर जागा सुटायला हवी. आणि तळाला टेकायला नको, अधांतरी हवं. म्हणून त्या जाळ्या होत्या गं!"

सगळ्यांच्या नजरा परसाकडे वळल्या. तिथं जाळ्या पडलेल्या होत्या आणि त्यांच्यावर गल्लीतली कुणाचीतरी कोंबडी बसली होती.

"नही म्हणजे नही," आक्का म्हणाल्या.

इथं गुलाबबाई मदतीला आल्या. "आक्काजी, लोखंड आहे. चुलीत घालून लाल केलं, तर त्याच्यात अंडं राहतंय कुठं?"

आक्कांनी डोळे मिटून यावर विचार केला. "लाल व्हयनी का बाट गया," त्या शेवटी म्हणाल्या. "पन पुरी लाल. अर्धी नही."

जाळी चुलीत गेली आणि लालबुंद होऊन बाहेर आली. डब्यांना मात्र आक्कांनी माफी दिली नाही. त्यांच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं चिकटलेलं आपण या डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग गुलाबबाई घरी जाऊन आपली पितळेची थाळी घेऊन आल्या. कल्हईवाला नुकताच येऊन गेलेला, त्यामुळे थाळी अशी लखलखत होती की त्यात केसरला आपल्या नाकावरचं पीठ दिसलं.

थाळी जाळीवर बरोबर मधोमध बसली. चारी बाजूंनी जागा सुटली. केसरनं दार लावलं आणि पळी घेऊन दाराशी पहाऱ्याला बसली.

"आता कुणी दार उघडायचं नाही. ऊब बाहेर जाते."

"मीपन नही?" आक्कांनी विचारलं.

"तुम्हीपण नाही, आक्का."

आक्कांना आयुष्यात असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या इतक्या थक्क झाल्या, की मुकाट्यानं बसल्या.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं होतं. पण आबांची गाडी येण्याची वेळ होत आली, म्हणून केसरनं घाई केली. तिनं विंझणा घेतला आणि शेगडीला असा वारा घातला, असा घातला, की निखारे पांढरे पडेपर्यंत फुलले. ओव्हनचा पत्रा तडतडू लागला. वास आला, पण नानखटाईचा नव्हता. काहीतरी धातूचा, कल्हईवाल्याच्या भट्टीचा वास होता.

दार उघडलं, आणि चौघीही जागच्या जागी खिळल्या.

थाळी तिरकी झाली होती, आणि तिच्यावरून चांदीचे थेंब धावत होते. खरेखुरे, जिवंत, गोल थेंब! एक दुसऱ्याला भेटला की दोघांचा मिळून एक होई आणि मग तो मोठा थेंब ऐटीत घरंगळत काठाशी जाऊन थरथरत उभा राही. नानखटायांच्या भोवती चांदीचे ओहोळ वाहत होते. निखाऱ्यांचा लाल उजेड त्यांच्यात चमकत होता.  नानखटाया वाया गेल्या, थाळी वाया गेली, नथ्थू कात्री घेऊन निघाला असेल, हे सगळं कळत असूनही केसरला त्या क्षणी वाटलं, की यापेक्षा सुंदर काही आपण पाहिलेलं नाही.

"कल्हई वितळली," आई हळूच म्हणाली.

"म्हारी थाळी," गुलाबबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "चांदीचा वर्ख लावला बघा पेटीनं. लगीनघरी पण असा लावत नाय."

आणि त्या हसल्या. केवढं मोठं मन! केसरनं मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. नानखटाया अर्थातच टाकून द्याव्या लागल्या; कल्हई पोटात गेलेली कुणाला परवडते?

उरला शेवटचा घाणा. आता भांडं असं हवं होतं, की जे लहान आहे, सपाट आहे आणि ज्याला कल्हई नाही. आईनं फडताळ धुंडाळलं, मांडणी धुंडाळली. आणि मग तिचा हात एका थाळीवर जाऊन थांबला. हात थांबला तो थांबलाच.

ती आबांची काश्याची थाळी होती.

त्या थाळीत आबांखेरीज कुणी जेवत नसे. दादासुद्धा नाही. शिंदखेड्याहून येताना आबांनी ती धोतरात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर आणली होती. काश्याला कल्हई लागत नाही. माप तर असं, की ओव्हनमध्ये ठेवली तर चहूकडून बरोबर बोट बोट जागा सुटावी.

आईनं आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी आढ्याकडे पाहिलं.

"मी काही देखेल नही," आढ्याकडे बघतच त्या म्हणाल्या.

आईनं थाळी खाली काढली.  केसर शेगडी नीट करायला धावली. या वेळी विंझणा नाही, मंद आच. निखारेही खाली आणि वर सारखे. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला खोकला ऐकू आला. तो खोकला अख्ख्या जळगावात एकाच माणसाचा होता.

"आक्का, लवकर! गोळे मांडा थाळीवर!" केसर मागे न बघता ओरडली.

आक्कांनी मांडले. भराभर, सराईत हातांनी. केसरनं वळून पाहिलं. आक्कांनी थाळी पालथी घातली होती आणि तिच्या पाठीवर नानखटाया ओळीनं मांडल्या होत्या!

"आक्का! पालथी!"

आक्कांनी खाली पाहिलं. त्यांनाही तेव्हाच दिसलं. खानदेशातली बाई मांडे करते ते पालथ्या खापरावर, चुलीवर उपडं घातलेल्या मातीच्या भांड्याच्या पाठीवर. आक्कांनी लग्नाकार्यात इतके मांडे भाजले होते, की घाईच्या वेळी त्यांच्या हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं.

"जलमभर पालथ्यावरच कयात मी," त्या पुटपुटल्या. "हात गया."

परत उलटायला वेळ नव्हता. खोकला दारात आला होता. आईनं थाळी तशीच उचलली, जाळीवर सरकवली, आणि केसरनं दार लावून कडी घातली.

आबा आत आले. मागोमाग नथ्थू पत्रेवाला, खांद्यावर झोळी, झोळीतून डोकावणारी कात्री. आबांनी पाय धुतले, पाटावर बसले, मांड्यांवर हात ठेवले.

"भूक लागनी. वाढा."

आईनं पाण्याचा तांब्या तेवढा पुढे ठेवला.

"मंजुळा, वाढ ना वं. मनी थाळी कोठे शे?"

आई भिंतीकडे बघू लागली. गुलाबबाईंनी पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. आक्कांना एकाएकी वाती वळायची आठवण झाली.

"आबा," केसर म्हणाली, "थाळी आत आहे."

"कोठे आत?"

केसरनं पळीनं ओव्हन दाखवला.

आबा उठले. आबा फार उंच होते. उठले की छत खाली आल्यासारखं वाटायचं. ते ओव्हनपाशी आले.

"उघड."

"नाही, आबा."

नथ्थूनं झोळी खाली ठेवली. असं काही फुकट बघायला मिळेल, याची त्याला कल्पना नव्हती.

"काय म्हनी तू?"

"आत्ता उघडलं तर ऊब बाहेर जाईल आणि सगळं बसेल," केसर म्हणाली. आवाज वक्तृत्वाचा होता. "तुम्हीच म्हणालात ना, मी येईपर्यंत काही निघालं तर? तुम्ही आलात, पण अजून बसला कुठं आहात? जेवायला बसलात म्हणजे आलात."

"आते काय पेटीमा जाईसन जेवू का मी?"

आक्का वातींतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "तोताराम, बस. पोर सांगस ते ऐक जरासा."

थोरल्या बहिणीपुढे आबांचा इलाज नव्हता. ते पाटावर बसले. सगळेच बसले. आणि मग वास आला. पहिल्यांदा आला होता तसाच, पण या वेळी तो बदलला नाही. तो वाढत गेला, ओसरीवर गेला, गोठ्यात गेला. नथ्थूनं नकळत ओठांवरून जीभ फिरवली. आबांचं नाक हललं. केसरनं नीट पाहिलं, हललंच.

"आता," आई म्हणाली.

तिनं स्वतःच कडी काढली, फडक्यांनी थाळी धरली आणि उजेडात आणली.

 सगळ्या नानखटाया एकाच रंगाच्या होत्या. मधली आणि कडेची, पुढची आणि मागची, सगळ्या. उन्हात वाळवलेल्या गव्हाचा असतो तो रंग. प्रत्येकीच्या माथ्यावर बारीक भेगांचं नक्षत्र उमटलेलं. आईनं एक उलटली. खालूनही तोच रंग! आणि केसरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थाळी सुलटी असती तर तिच्या काठानं कडेच्या नानखटायांची हवा अडवली असती. पालथी घातली आणि काठ खाली गेला. मध्ये नुसतं मोकळं पठार उरलं आणि त्या पठारावरून गरम वारा बेधडक हिंडला. आक्कांचे हात चुकले, पण काय चुकले!

"हे असं का झालं ते मी सांगते," ती सुरू झाली. "तापलेली हवा जी असते ना—"

पण आबांचं नानखटाईकडे लक्षच नव्हतं. ते थाळीकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"मी जित्ता शे," ते हळूहळू म्हणाले, "आन मनी थाळी पालथी?"

 जेवणारा माणूस गेला, तरच त्याची थाळी पालथी घालतात, हे कुणाला सांगायला नको होतं. 

"मंग?" आक्कांनी वाती बाजूला ठेवल्या. "मांडा खाताना तुले खापर पालथं दिसत नही का? चार चार मांडा खास तवय कधी इचारं का, खापर सुलटं व्हतं का पालथं? त्याच्यावर रांधेल शे. रिकामी नही ती. खा पहिलं, मंग बोल."

आबांनी एक नानखटाई उचलली. चिमटीत धरून उलटसुलट पाहिली, जणू बैलाचे दात पाहावेत. अर्धी तोंडात घातली. ती दाताखाली गेली कधी आणि विरघळली कधी, ते त्यांनाही कळलं नसावं. कारण चावण्यासाठी हलवलेला जबडा अधांतरीच थांबला. त्यांच्या भुवया वर गेल्या. तशा वर गेलेल्या भुवयांनी त्यांनी उरलेली अर्धी खाल्ली.

"आखो एक दे," ते म्हणाले.

मग आणखी एक. मग नथ्थूला एक. आणि मग सगळ्यांनी पाहिलं, की गुलाबबाईंचा हातही पदराखालून हळूच पुढे आलाय. "आक्काजींनी जाळी लाल केली होती, मी बघितलं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि एक उचलून तोंडात टाकली.

नथ्थूनं मिशांवरचे कण झटकले. "आबा, मग पेटी कापू का राहू देऊ?"

आबांनी आपली काश्याची थाळी मागून घेतली, स्वतः उठून पाण्यानं धुतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि छातीशी धरली.

"पेटीले हात लावू नको," ते म्हणाले. "पन मनी थाळी आते मी कोन्हाले देत नही. असं कर. गोठावरला तो कोपरामधला पत्रा शे ना? चांगला शे तो, सपाट. तो उतार."

"गोठ्याचा?"

"हां. त्यानी एक थाळी काप. पेटीमा बसी आन चारीबाजू बोटभर सुटी अशी. त्याले काठ ठेवजो नको."

"आणि मग म्हशीच्या डोक्यावर?"

"बांधू तिले जरा इकडे," आबा म्हणाले, आणि पुढची नानखटाई घेतली.

परसात नथ्थू शिडी लावून छपरावर चढला. खाली आबा उभे राहून पत्र्यावर बोट बोट मोजत होते आणि आक्का, नानखटाई नेहमी पालथ्यावरच करतात, हे काय शिकायला लागतं का, असं गुलाबबाईंना ठासून सांगत होत्या. तापलेल्या हवेबद्दल कुणीतरी आपलं ऐकावं म्हणून केसर स्वयंपाकघरात धावली.

पीठ मळलेल्या भांड्याच्या कडेला चार गोळ्यांपुरतं पीठ राहिलं होतं. आईनं ते पुसून घेऊन, भाकरीवरची लोखंडी झाकणी पालथी घालून तिच्यावर आत ठेवलं होतं, कडी लावली होती, आणि आता तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. ती ओव्हनशेजारी, भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसली होती.

केसर दारातच थांबली. शाळेतून रोज घरी येताना तिला चुलीपुढे वाकलेली आईची पाठ दिसायची. ती पाठीशीच बोलायची आणि पाठच उत्तर द्यायची. आज या खोलीत, आग पेटलेली असताना, आईचं तोंड दिसत होतं. कपाळावर पीठ होतं, गालाला काजळी होती. तिला उजव्या गालावर खळी पडते, हे केसरला माहीतच नव्हतं.

"काय गं, काय सांगत होतीस?" आई म्हणाली. "ती हवा कुठं जाते म्हणालीस?"

आणि सांगायला कुणीतरी मिळालं, तेव्हा केसरला एक अक्षर आठवेना.